मोकळ्या सोडलेल्या ओळी

तेलगाव,
१२ मार्च २००३

कु. भिवरा हिस,

नमस्कार. पत्राची सुरुवात काहीतरी करावी लागते म्हणून केला, त्यात माया शोधू नकोस.

काल सकाळी दूध संस्थेत बायांचं दूध मोजून घेत होते. टेम्पोवाला कॅन चढवायला आला, गाडीतला टेप त्यानं चालूच ठेवला होता, आणि त्यातून तू गायला लागलीस. 'कुठं निघालीस गं, भर उन्हाची?' मी हातात लॅक्टोमीटर धरून तशीच उभी. म्हटलं, आता माझी ओळ येणार. आली गिटार. नुसती गिटार, आठ मात्रा. मग पुन्हा तू. 'कोण गं तुझ्या सोबतीला, वाट एवढी लांबची?' पुन्हा नुसती गिटार.

टेम्पोवाला म्हणाला, "ताई, बीडात हेच वाजायलंय. लगीन असू द्या न्हाईतर रिक्षा असू द्या. लई चाललंय."

मी त्याच्याकडून कॅसेट मागून घेतली आणि घरी जाऊन दार लावून तीनदा ऐकली. वर युवक महोत्सवातला आपला फोटो आहे. तू गिटार घेऊन हसतेस आणि मी डोळे अर्धे मिटून उभी आहे, पेंगल्यासारखी. खाली मोठ्या अक्षरात 'भिवरा आणि सत्या'. म्हणजे नाव आहे, फोटो आहे, आवाज नाही. ह्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

अंबाजोगाईच्या होस्टेलच्या गच्चीवर आपण ते गाणं केलं तेव्हा प्रश्न तुझे होते आणि उत्तरं माझी. तीन वर्षं आपण तसंच गायलो. दहा फेब्रुवारीला रेकॉर्डिंग होतं आणि मी पोचले नाही, हे कबूल. वडवणीच्या पुढं एसटी बंद पडली, दोन तास उन्हात बसलो, तोवर मांजरसुंब्याहून तुझी मुंबईची गाडी गेली. हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं. पण मी नव्हते तर माझ्या ओळी तू गायच्यास. नाहीतर तारीख पुढं ढकलायची. तू काय केलंस, तर भोकं तशीच ठेवलीस. म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळावं की इथं एक बाई यायची होती आणि ती आली नाही.

ही कल्पना तुझी की कंपनीच्या साहेबांची? मला वाटतं तुझी. साहेबांना एवढं डोकं नाही.

सत्यभामा

ता. क. फोन करू नकोस. फोन ऑफिसात आहे आणि काका शेजारच्या खुर्चीत असतात.


२ एप्रिल २००३

भिवरा,

मुंबईहून, तुझ्या मावशीच्या घरून, तुझं आंतरदेशीय मिळालं. एवढी निळी पानं आणि त्यावर चार ओळी. 'सत्ये, गाडी बंद पडली तर पडली. तुमच्याकडं टँकर येतो का? चारा छावणी सुरू झाली का? काकीचा गुडघा कसा आहे?'

काकीचा गुडघा बरा आहे. मी गाण्याचं विचारलं होतं.

तुला माहीत आहे, मी दिवसाचे पहिले दोन तास लोकांवर संशय घ्यायचा पगार घेते. साठ बाया चरव्या घेऊन रांगेत येतात, मी प्रत्येकीच्या दुधात काच बुडवते आणि तिच्या तोंडाकडं बघते. जी गप्प असते तिच्या दुधात हमखास पाणी निघतं. (ह्या वर्षी निघत नाही. घालायला पाणीच नाही. इतकं निर्भेळ दूध संस्थेनं कधी बघितलं नव्हतं.) तर तुझ्या चार ओळींकडं मी त्याच नजरेनं बघितलं. जी बाई भांडण असताना गुडघ्याची चौकशी करते, ती काहीतरी झाकते.

म्हणून सरळच विचारते. ती पोरगी कोण?

पिवळ्या ओढणीची. नऊ तारखेला गाडीत तुझ्या शेजारी, खिडकीपाशी बसलेली. तुझी गिटार तिच्या मांडीवर होती. तू तुझी गिटार मलासुद्धा दोन वर्षं उचलू दिली नव्हतीस. मला हे कसं कळलं ते विचारू नकोस. कळलं. तेलगावपासून परळीपर्यंत माझ्या ओळखीची माणसं आहेत.

मी मनाशी असा हिशोब लावलाय की साहेबांनी दुसरी गाणारी आधीच ठरवली होती आणि तुला ते ठाऊक होतं. तारखेचं पत्रसुद्धा एकट्या तुझ्या नावानं तुझ्या घरी धर्मापुरीला आलं होतं, मला तू फक्त निरोप दिलास. एक मात्र जुळत नाही. ती पोरगी होती, तर तिचा आवाज गाण्यात का नाही? तीपण पळाली का?

आणि आता मीही एक गोष्ट नीट सांगते. गाडी बंद पडली हे अर्धंच खरं. काकांनी सोडलं नाही. संस्थेचे चेअरमन सुंदरराव घरात काय असतात ते तुला काय सांगायचं? तू आमच्या उंबऱ्याच्या आत एकदाच आलीस आणि त्या दिवशी कपबशी वेगळी आली नाही, पण काकी ती धूत किती वेळ बसली होती ते तूही बघितलंस. काका एकदा म्हणाले होते, "गा म्हनावं, पर दोघींची नावं एकाच वळीत कशाला?" आता समजून घे.

सत्यभामा


१९ एप्रिल २००३

भिवरे,

तुझं दुसरं पत्र आलं, तेही तसंच. 'काकांचं समजलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. भेटल्यावर बोलू.' त्या पोरीबद्दल एक अक्षर नाही.

आणि त्या पत्राचा डिंक दोनदा लावलेला होता. मी उजेडात धरून बघितलं. पहिली रेघ सुकलेली, तिच्यावर दुसरी. काकांनी फोडलं असणार. काल जेवताना ते म्हणाले, "मुंबईला पानी बरं हाय म्हनं." त्यांना मुंबईच्या पाण्याचं काय पडलंय? ते पत्रात होतं. म्हणजे, पत्रात नव्हतं, पण त्यांनी असं काहीतरी विचारणं मला बरं दिसलं नाही.

इथं छावणी सुरू झाली. कारखान्यानं ह्या वर्षी ऊस नाही म्हणून जानेवारीतच बॉयलर विझवला, त्याचं सगळं आवार मोकळं पडलं होतं. तिथं आमच्या दूध संस्थेनं छावणी घेतली. जिथं उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या तिथं आता नऊशे जनावरं बांधलीत. दूध काढणं, चारा वाटणं, नोंदी, सगळं माझ्याकडं. लोक जनावरांपाशीच राहतात, ताडपत्री टाकून. गेटवर पानाची टपरी आहे आणि टपरीवर रेडिओ.

तर तुझं गाणं दिवसातून दोनदा लागतं आणि तेव्हा काय होतं ते ऐक. तू विचारतेस, 'कुठं निघालीस गं, भर उन्हाची?' आणि गिटार सुरू झाली की ह्या ताडपत्रीखालून एक बाई ओरडते,

'टँकरमागं निघाले गं, पाळी माझ्या हंड्याची!'

समोरून दुसरी,

'कोयता घेऊन निघाले गं, तोड लागली उसाची!'

आणि सगळ्या हसतात. जात्यावर एकीनं ओवी टाकावी आणि दुसरीनं उचलावी तसं चाललंय. रोज नवी ओळ. कुणी नवऱ्यावर, कुणी ग्रामसेवकावर, एकीनं तर माझ्यावरच केली, माझ्या काचेच्या नळीवर. टेम्पोवाला सांगतो, बीडच्या वरातीतपण पोरं हेच करतात, गाणं थांबतं तिथं आपापलं घुसवतात, म्हणून तर ते एवढं चाललंय.

तुला मजा वाटेल. मला वाटत नाही. ती जागा माझी होती. येणारी-जाणारी बाई तिथं पाय देऊन जातेय आणि ज्या माझ्या ओळी होत्या त्या तुझ्या-माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नाहीत. परवा काकांच्या जीपमध्ये तेच वाजत होतं. स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले होते. मला बघून बंद केलं. ते का बंद केलं, ह्याचाही मला संशय आहे.

सरळ लिही. साहेबांनी करायला लावलं? तुला मी नको होते? की तुला असं गाणं हवं होतं ज्यात तू एकटीच विचारशील आणि सगळ्या जिल्ह्यानं उत्तर द्यावं? कारण तसं असेल तर तू माझ्यापेक्षा हुशार निघालीस, आणि हे मला आवडलेलं नाही.

सत्या


६ मे २००३

भिवरे,

चार पानं. शेवटी लिहिलीस.

मी ती चाऱ्याच्या गोदामात, पेंढ्यांच्या मागं बसून वाचली. वाचून झाल्यावर अर्धा तास तिथून उठले नाही. बाहेर लोक मला हाका मारत होते.

तू काय लिहिलंस ते मी माझ्या हातानं पुन्हा लिहून बघते, कारण मला अजून ते खरं वाटत नाही.

ती पोरगी केजला चढली. तू माझी सीट राखून ठेवली होतीस, अंबाजोगाईपासून रुमाल टाकून. गाडी उभी राहायला जागा नाही इतकी भरली, कंडक्टर म्हणाला, रुमालाचं तिकीट न्हाई, मानूस बसवा न्हाईतर सीट सोडा. मग तू त्या अनोळखी पोरीला बसवलंस, म्हणालीस, "मांजरसुंब्यापर्यंत बस. माझी मैत्रीण चढली की उठायचं." ती मांजरसुंब्यालाच उतरणार होती. वरच्या फळीवर एक ट्रंक घसरत होती म्हणून गिटार तिच्या मांडीवर दिलीस.

जागा धरायला बसवलेली पोरगी. आयुष्यभर मी हेच केलंय. बाजारच्या एसटीत, यात्रेच्या गाडीत, खिडकीतून पोरं आत ढकलून त्यांच्या बुडाखाली जागा धरल्यात. आणि त्या दिवशी मला ते सुचलं नाही.

पुढचं. तू खाली उतरलीस. ढाब्यावरच्या गहिनीनाथला विचारलंस. त्यानं सांगितलं, "हिरव्या ड्रेसातली पोरगी व्हय? तासभर बसलती. तीन चहा घेतले. तुमची गाडी आली तशी उठली, गाडीजवळ गेलती, खिडकीतून आत बघितलं अन् मागं फिरली. समोरच्या जीपमधी बसून बीडला गेली बगा."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी एसटी बंद पडली म्हणून लिहिलं तेव्हा माहीत होतं. काकांनी सोडलं नाही म्हणून लिहिलं तेव्हाही. तीन महिने मी खोटं लिहीत होते आणि तू माझ्या पत्रात काच बुडवून गप्प बघत होतीस. वर काकीचा गुडघा विचारत होतीस.

मला लाज वाटली म्हणून मी हे पान रागानं लिहितेय. वाचताना तेवढं लक्षात घे.

आणि गाणं. स्टुडिओत साहेबांनी दुसरी गाणारी बोलावून ठेवली होती. चांगली होती, तूच लिहितेस. तू गिटारच्या पेटीवर बसून राहिलीस आणि म्हणालीस, ह्या ओळी मोकळ्या ठेवा. साहेब म्हणाले, भोकं असलेलं गाणं कोण घेणार? तू म्हणालीस, ती जागा धरलेली आहे. साहेबांना ते कळलंच नाही. मुंबईत जन्म गेलेल्या माणसाला कसं कळणार?

त्या मोकळ्या जागेला मी माझी फजिती समजत होते.

डिंक तूच दोनदा लावलास म्हणे. पाकीट बंद केल्यावर 'भेटल्यावर बोलू' ही ओळ घालायला पुन्हा उघडलंस. काकांची मी मनातल्या मनात माफी मागितली, तोंडानं मागायची हिंमत नाही.

शेवटच्या पानावर तू विचारतेस, आता येतेस का? साहेब दुसरी कॅसेट काढतायत, त्यात हे गाणं पूर्ण करून घालायचंय, सत्तावीस मे ही तारीख. त्यानंतर ते थांबणार नाहीत, दुसरी कुणीतरी गाईल. आणि तू एक प्रश्न केलास. 'तू खिडकीतून आत बघितलंस, मला हाक का मारली नाहीस? एक हाक मारली असतीस तर ती पोरगी उठली असती.'

त्याचं उत्तर आज देत नाही.

सत्या


९ मे २००३

भिवरे,

देते.

गाडी आली तेव्हा मला आधी तू दिसलीस. मग ती पोरगी, तिच्या मांडीवर गिटार. मला वाटलं, संपलं, दुसरी घेतली. आणि लगेच, त्याच क्षणाला, मला हायसं वाटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

ढाब्यावर तासभर मी एकच विचार करत होते. काचेच्या खोलीत कानाला ते यंत्र लावून उभं करतील, तू गाशील, मग मी गाईन, आणि बाहेर बसलेला माणूस सगळ्यांना सांगेल की हिचा आवाज साधाच आहे. महोत्सवात टाळ्या मिळतात तेव्हा त्या दोघींच्या असतात. कुणाच्या किती ते मोजायची वेळ येत नाही. स्टुडिओत माझा आवाज वेगळा काढून ऐकणार होते. मी रोज साठ जणींना जे करते ते मला कुणी करणार होतं, आणि मला माहीत होतं माझ्यात काय निघणार.

तिसरा चहा घेताना मी देवाकडं मागत होते की गाडी येऊच नये. गाडी आली, पण शेजारी ती पोरगी होती. मला कारण मिळालं. एवढं छान कारण की त्यावर मी तुझ्याशी तीन महिने भांडू शकले.

आणि काकांचं. काकांनीच मला जीपमधून बीडपर्यंत सोडलं होतं. वाटेत माझ्या हातावर सुंठेची पुडी ठेवली, म्हणाले, "घसा संभाळ." नावांबद्दल ते खरंच तसं म्हणाले होते, महोत्सवाच्या आधी, आणि काकीनं कप खरंच तितका वेळ धुतला होता. ते मी धुऊन काढत नाही. पण त्या दिवशी मला कुणी अडवलं नाही. मी तुला तेच लिहिलं कारण मला माहीत होतं, तू ते प्रश्न न विचारता खरं धरशील. तुझ्या वाट्याला ते इतक्यांदा आलंय की आणखी एकदा आलं तर तू पुरावा मागणार नाहीस. तुझ्या बाबांची गायन पार्टी जयंतीला किती गावांत फिरली आणि किती गावांत त्यांना बाहेरच्या बाहेर चहा मिळाला, हे तूच मला गच्चीवर सांगितलं होतंस. ते मी माझ्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून वापरलं.

सगळ्यात वाईट हे आहे. गाडीपासून मागं फिरले त्याच्यापेक्षा वाईट. ह्यासाठी तू मला माफ करायची घाई करू नकोस.

सत्तावीसचं मी अजून सांगू शकत नाही. माझी जागा धरून ठेवायची तुझी ताकद माझ्या भित्रेपणापेक्षा मोठी आहे की नाही, मला शंका आहे.

सत्या


१८ मे २००३

भिवरे,

एक गंमत झाली. गंमत म्हणजे, आधी रडू आलं होतं.

छावणीत केशरबाई म्हणून एक म्हातारी आहे. सत्तरीची असेल. घरी सून आहे, नातवंडं आहेत, तरी ही एका म्हशीसाठी इथं ताडपत्रीखाली राहते, कारण म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. रोज चाऱ्याच्या वजनावरून माझ्याशी भांडते. तिला वाटतं मी काटा मारते.

परवा दुपारी मी तिची पेंढी मोजत होते आणि टपरीवर गाणं लागलं. तू विचारलंस. आजूबाजूला सगळ्या जेवून आडव्या झाल्या होत्या, कुणी उत्तर देईना. ती आठ मात्रांची गिटार नुसती वाजत चालली. मला सहन झालं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी माझी ओळ म्हटली.

'सांगणार न्हाई, सांगणार न्हाई, वाट हाय माझ्या मनाची.'

आवाज फुटला. तरी म्हटली. पुढच्या जागेतही म्हटलं, 'सावली माझी पायाशी, तीबी न्हाई कामाची.'

केशरबाईनं पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"बया, तुला येत न्हाई व्हय हे गानं?"

मी म्हटलं, "केशरबाई, हेच खरं गाणं आहे. मीच केलंय."

"आसंल, आसंल," म्हणाली. "पर हे काय बोलनं झालं? सांगनार न्हाई कावून? चोरी केलीया का? एवढ्या उन्हाचं कुनीतरी थांबून इचारायलंय, बाई गं, कुठं निघालीस. कोन इचारतं आजकाल? माझ्या लेकानं इचारलं न्हाई, म्हस घिऊन निघाले तवा. इचारलं तर सांगावं मानसानं. सावली म्हनं कामाची न्हाई. आन् मग इचारनारी कोन हाय? ती न्हाई का सोबतीला?"

मी पेंढ्या मोजायचं सोडून दिलं.

मग तिनं मला शिकवलं. माझंच गाणं. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हशीच्या पाठीवर ताल धरला.

'छावणीवर निघाले गं, पेंढी आणाया हक्काची.
म्हैस माझी सोबतीला, बया माझ्या जिवाची.'

तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. दुसऱ्या वेळी म्हणाली, "आवाज बरा हाय की. दाबून कावून म्हनतीस?" तोवर शेजारच्या दोघी उठून बसल्या होत्या, त्यांनी आपापल्या ओळी घातल्या. माझा आवाज त्यांच्यातच होता. कुणी तो वेगळा काढून ऐकला नाही. साधा आहे, भिवरे. अगदी साधा आहे. पण त्या चौघींत तो चांगला बसला होता. पेंढ्यांचं वजन मी त्या दिवशी पुन्हा केलं. सव्वा किलो कमी भरत होतं. काटा खरंच मारत होता, केशरबाई बरोबर होती.

आता मला एकच सांग, आणि गुडघ्याची चौकशी न करता सांग. माझ्या ओळी तुला पहिल्यापासून आवडत नव्हत्या ना? तू प्रश्न विचारायचीस आणि मी तीन वर्षं रोज तुला 'सांगणार न्हाई' म्हणायचे. तुला काय वाटत असेल ह्याचा मी कधी विचारच केला नाही.

तुझी,
सत्या


२३ मे २००३

भिवरे,

तुझं उत्तर यायच्या आधी लिहितेय, म्हणजे त्याची वाट बघायचं कारण काढून मला बसता येणार नाही.

काकांना सांगितलं. छावणी आठ दिवस दुसऱ्या कुणाकडं द्या म्हटलं. भांडायच्या तयारीनं गेले होते, तीन मुद्दे पाठ करून. ते म्हणाले, "जा की." मग थोडं थांबून म्हणाले, "कॅसेटवर नावं तशीच राहू दे. जोडीनं. बरी दिसत्यात." त्यांना त्या जुन्या बोलण्याची आठवण होती की नव्हती, मी विचारलं नाही. काकीनं तुझ्यासाठी धपाटे करून द्यायचं ठरवलंय. ह्यावरही मला संशय घ्यायचा होता, पण जमला नाही.

साहेबांना सांगून ठेव, 'सांगणार न्हाई' मी गाणार नाही. काय गाणार ते मला अजून माहीत नाही. केशरबाईच्या ओळी तिला विचारून घेतल्यात, पण त्या तिच्या आहेत, माझ्या तोंडी खोट्या वाटतील. तू समोर उभी राहून विचार, तेव्हा काय येतं ते बघू. काही आलं नाही तर त्या ओळी मोकळ्याच राहू देत. बायांना त्यांची सवय झालीय.

परवा संध्याकाळची गाडी धरते. ह्या वेळी रुमाल टाकायला, कुणाला बसवायला तू गाडीत नाहीस. मी उभी येईन.

हे पत्र मी मुद्दाम आजच पेटीत टाकतेय. मुंबईला टपाल जायला चार दिवस लागतात, गाडीला एक रात्र. म्हणजे सत्तावीसच्या सकाळी पोस्टमन हे तुझ्या हातात देईल तेव्हा मी एक दिवस आधीच तुझ्या मावशीच्या घरी पोचलेली असले पाहिजे. आत्ता, हे वाचताना, मान वर करून बघ. मी समोर असले तर पत्र मला परत दे, फाडून टाकायचंय.

आणि नसले, तर एसटी, छावणी, काका, मी पुढं जे जे कारण लिहीन, त्यातलं एकही खरं धरू नकोस. साहेबांना सांग, जागा आता धरलेली नाही.

सत्या